इंग्रजी दिसते, पण ऐकू येत नाही

मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या डोणगावात इंग्रजी शोधायला फार लांब जावे लागत नाही. औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पट्टीवर ती आहे. कृषी सेवा केंद्रात सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर आणि फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर आहे. मोटारसायकलच्या टाकीवर, मोबाइल दुकानाच्या पाटीवर, शाळकरी पोराच्या टी-शर्टवरही आहे. पण दिवसभर गावात फिरून कान देऊन ऐकले, तर इंग्रजीचे एक सलग वाक्य ऐकू येईलच असे नाही. सुटे शब्द पुष्कळ सापडतील: लाइट, मोटर, टाइम, टेन्शन. वाक्य मात्र विरळा.

इथल्या मुलाच्या डोळ्यांना इंग्रजी रोज दिसते आणि कानांना जवळजवळ भेटतच नाही. भाषा शिकण्याच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. माणसाचे मूल कोणतीही भाषा आधी ऐकते, मग बोलते, मग वाचते आणि शेवटी लिहिते. आपल्याकडे इंग्रजीची सुरुवात बहुधा फळ्यावरच्या अक्षरांनी आणि ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ या घोकंपट्टीने होते. मुलाला मांजर आधीच माहीत असते, कॅटचे स्पेलिंगही पाठ होते. पण त्या कॅटने काय केले, हे सांगायला त्याच्याकडे वाक्य नसते.

महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू केली. त्याआधी ती पाचवीपासून होती. आता दहावी होईपर्यंत मूल दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते, आणि तरीही अकरावी विज्ञानाला गेल्यावर पहिल्या महिन्यात भांबावते. वर्गात शिकवलेले कळत नाही, आणि कळले नाही असे सांगायलाही शब्द नसतात. सेमी-इंग्रजीच्या तुकड्यांनी यावर थोडा उपाय केला, पण तिथेही पारिभाषिक शब्द पाठ होतात आणि वाक्य अडखळतेच. नीटची परीक्षा मराठीतून देता येते. मात्र एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हाती येणारी शरीररचनाशास्त्राची जाडजूड पुस्तके इंग्रजीत असतात. हुशार मुले तिथे वर्षभर गप्प बसतात. त्या गप्प बसण्याला बुद्धीची कमतरता समजले जाते, हे जास्त वाईट.

डिजिटल गोष्टींचा विचार करायचा तो या जागी. डिजिटल गोष्ट म्हणजे चित्रे, आवाज आणि अक्षरे एकत्र असलेली, मोबाइलवर किंवा वर्गातल्या टीव्हीवर दिसणारी पाच-सात मिनिटांची गोष्ट. गावात ऐकायला न मिळणारा इंग्रजीचा आवाज ती गावात आणू शकते. पण हे साधन मुलाच्या मेंदूपर्यंत कसे पोहोचते आणि कुठे अडते, हे समजून न घेता वापरले तर हाती फक्त पडदा उरतो.

सुरुवात कानापासून करू. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्याला खास जवळचा वाटेल, कारण त्यात हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ हे उच्चार वापरले होते. ‘वात’ आणि ‘वाट’ यांतला फरक आपल्याला इतका सहज वाटतो की त्यात शिकण्यासारखे काही आहे असेही कुणाच्या मनात येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक ओळखता आला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ ओळखता येईना. त्यांचा कान बिघडला नव्हता. घरात जे ध्वनी ऐकू येतात त्यांवर मेंदू लक्ष एकवटतो आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

हेच आपल्या मुलांबाबत उलट दिशेने घडते. इंग्रजीतले ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन वेगळे उच्चार आपण एकाच ‘व’मध्ये बसवतो. जहाजाचे ‘शिप’ आणि मेंढीचे ‘शीप’ लिहिताना वेगळे करतो, बोलताना बहुधा एकच करतो. वऱ्हाडी बोलीत डोळ्याचा ‘डोया’ होतो आणि काळ्याचा ‘काया’, तरी कुणाचे काही अडत नाही. बोलीचा स्वतःचा नियम असतो. या परिसरातल्या तांड्यांवरची मुले घरी गोरमाटी बोलतात, काही घरांत उर्दू असते. त्यांच्यासाठी पुस्तकातली मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. अशा मुलाला इंग्रजीचा ध्वनी नीट ऐकवल्याशिवाय स्पेलिंग विचारणे म्हणजे न ऐकलेल्या गाण्याचे सूर लिहायला सांगण्यासारखे आहे.

मग लहानपणीच मोबाइलवर इंग्रजी लावून द्यावे का? अनेक घरांत हा प्रयोग सुरू आहे. बाळ जेवत नाही म्हणून कार्टून लागते आणि ‘तेवढेच इंग्रजी कानावर पडते’ असे समर्थनही तयार असते. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली याचे उत्तर दिले. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती प्रत्यक्ष बसल्या, पुस्तके दाखवली, खेळणी घेऊन खेळल्या. अशा बारा बैठका झाल्या. ती बाळे चिनी ध्वनींतला फरक ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तेच सारे टीव्हीवर दाखवले, तिसऱ्याला नुसते ऐकवले. या दोन्ही गटांना काहीही आले नाही. आवाज तोच होता, शब्द तेच होते, समोर माणूस मात्र नव्हता.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्लाही याच्याशी जुळणारा आहे: दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवू नये, क्वचित नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही जितका कमी तितका बरा, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांच्या आत. तेव्हा बाळाला इंग्रजी यावी म्हणून मोबाइल देणे यात इंग्रजी येत नाही, मोबाइलची सवय मात्र लागते.

शाळेत जाणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाकडे एक भाषा पक्की झालेली असते, त्याला कथानक लक्षात ठेवता येते, पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो. हा अंदाजच कामाचा आहे. गोष्टीत कोल्हा विहिरीत डोकावतो तेव्हा ‘वेल’ या शब्दाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. चित्र, आवाजातला चढउतार आणि पुढच्या प्रसंगाची उत्सुकता मिळून तो अर्थ मुलाच्या मनात तयार होतो. यादीतला शब्द एकटा येतो. गोष्टीतला शब्द सोबतीला माणसे, जागा आणि भीती-आनंद घेऊन येतो, त्यामुळे तो आठवायला अनेक वाटा मिळतात.

मुले तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात आणि मोठी माणसे कंटाळतात. यात मुलांचे बरोबर असते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर हे तपासले. काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे तेच आणि तितक्याच वेळा आले. एकच गोष्ट ऐकलेल्या मुलांच्या लक्षात ते शब्द अधिक राहिले. पहिल्यांदा ऐकताना सारे लक्ष ‘पुढे काय झाले’ याकडे असते. ते कळून चुकले की शब्दांकडे जायला मेंदूला सवड मिळते. मोबाइलवर एक संपताच दुसरी आपोआप सुरू होणारी चित्रफीत नेमकी ही सवड हिरावून घेते.

गोष्टींनी परकी भाषा शिकवता येते का, याचा एक ठोस पुरावा डोणगावासारख्याच खेड्यांतला आहे, फक्त ती खेडी फिजी बेटांवरची आहेत. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी १९८० च्या सुमारास तिथल्या ग्रामीण शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे अडीचशे सचित्र इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. त्या मुलांच्याही घरी इंग्रजी नव्हती आणि शाळेत पुस्तकांचा दुष्काळ होता. आठ महिन्यांनी पाहिले तेव्हा वाचन आणि ऐकून समजणे यांत त्यांची प्रगती नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या साधारण दुप्पट वेगाने झाली होती. व्याकरणाचे धडे वाढवलेले नव्हते. गोष्टी वाढवल्या होत्या.

अडीचशे पुस्तके प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात येणे आजही सोपे नाही. आली तरी ती कुलूपबंद राहण्याचा आपला इतिहास आहे. तिथे डिजिटल गोष्ट उपयोगी पडते. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मंचावर खुल्या परवान्याच्या हजारो गोष्टी मोफत आहेत. त्यांतल्या अनेक गोष्टी त्याच चित्रांसह मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. काही गोष्टींत वाचणाऱ्याच्या आवाजाबरोबर शब्द उजळत जातात. करोनाकाळात शाळा बंद असताना महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभाग, युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांनी ‘गोष्टींचा शनिवार’ हा उपक्रम चालवला. दर आठवड्याला एक गोष्ट पालकांच्या व्हॉट्सअॅपवर पोहोचू लागली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड लावून आवाज, चित्रफिती आणि गोष्टी जोडल्या होत्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी ती कल्पना उचलली आणि २०२० साली डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, ही बातमी सगळ्यांच्या लक्षात आहे. मुलांची घरची भाषा पुस्तकातल्या भाषेहून वेगळी होती म्हणून त्यांनी मजकूर मुलांच्या मातृभाषेत आणला, हे फारसे कुणाला आठवत नाही. तंत्रज्ञानाइतकेच तेही महत्त्वाचे होते.

आता कोणती डिजिटल गोष्ट चांगली? जास्त हलणारी, जास्त रंगीत ती जास्त चांगली, असा समज आहे. सिनसिनाटी येथील बालरोगतज्ज्ञ जॉन हटन यांनी चार वर्षांच्या आसपासच्या २७ मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून गोष्टी तीन प्रकारे दिल्या: नुसता आवाज, आवाजासोबत स्थिर चित्रे, आणि कार्टून. २०१८ साली मांडलेल्या या निष्कर्षांनुसार, नुसत्या आवाजात मुलांना समजून घ्यायला कष्ट पडत होते. कार्टून पाहताना पाहण्या-ऐकण्याचे भाग खूप काम करत होते, पण मेंदूतल्या निरनिराळ्या जाळ्यांचा आपसांतला संवाद कमी पडत होता. कल्पना करण्याचे काम पडद्यानेच करून टाकले होते. स्थिर चित्रांच्या गोष्टीत समतोल सापडला. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठा मनोरा उभारू नये. पण नेदरलँड्समधील झोफिया ताकाच, अॅड्रियाना बस आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ४३ अभ्यास आणि २,१४७ मुले यांचा एकत्रित आढावा घेतला, त्याचा सूरही ऐकण्यासारखा आहे. शब्दांशी जुळणारी हालचाल आणि आवाज असतील तर थोडा फायदा होतो. गोष्टीच्या मध्येच बोट लावले की नाचणारे प्राणी आणि खेळ असतील तर समजण्याला धक्का बसतो. विकताना मात्र कौतुक होते ते या नाचणाऱ्या प्राण्यांचेच.

अक्षरांबाबतही एक गैरसमज दूर करण्यासारखा आहे. इंग्रजी चित्रफितीखाली मराठी अक्षरे असली तर बरे, असे वाटते. अर्थासाठी ते बरे, पण कानासाठी नाही. २००९ साली नेदरलँड्समध्ये होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी डच प्रेक्षकांना अनोळखी धाटणीची इंग्रजी ऐकवली. खाली इंग्रजीच अक्षरे असताना त्यांचा कान त्या उच्चारांना लवकर सरावला. डच अक्षरे असताना उलट अडथळा आला. डोळे आपली भाषा वाचू लागले की कान परक्या भाषेचे काम सोडून देतात. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून हीच युक्ती निराळ्या हेतूने चालवली आहे: गाणे ज्या भाषेत, अक्षरे त्याच भाषेत, म्हणजे गाणे पाहता पाहता वाचनाचा सराव होतो.

म्हणून अर्थ आधी मराठीतून द्यावा आणि मग इंग्रजीला मोकळे सोडावे. डोणगावच्या एखाद्या तिसरीच्या वर्गात हे वीस मिनिटांत बसते. इंटरनेटच्या भरवशावर राहू नये. गोष्ट आधीच पेनड्राइव्हमध्ये उतरवून घ्यावी. वीज गेली तर मोबाइल आणि छोटा स्पीकर पुरतो. पहिल्या दिवशी शिक्षकांनी गोष्ट मराठीत सांगावी, जमल्यास मुलांच्या बोलीत. वऱ्हाडीत सांगितलेला ससा मुलांना जास्त खरा वाटतो. मग तीच गोष्ट इंग्रजीत, इंग्रजी अक्षरांसह, एकदा सलग लावावी. मध्ये थांबवून अर्थ विचारू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी आणि दोन-तीन ठिकाणी थांबवून ‘आता काय म्हणेल?’ एवढेच विचारावे. तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून चित्रे दाखवावीत आणि मुलांना बोलू द्यावे. वाक्य मोडके आले तरी ते मध्येच दुरुस्त करू नये; शिक्षकांनी तेच वाक्य बरोबर म्हणून पुढे जावे. चुकीला हशा मिळाला की मूल पुढचा महिनाभर तोंड उघडत नाही. इंग्रजी शिक्षणातला हा सर्वांत महागडा हशा आहे.

‘पण आमचेच इंग्रजी उच्चार पक्के नाहीत,’ ही अनेक शिक्षकांची खरी अडचण असते. उच्चाराचे काम गोष्टीतल्या आवाजाकडे सोपवता येते. शिक्षकांनी करायचे ते यंत्राला जमत नाही: मुलाच्या तोंडाकडे पाहून त्याला कळले की नाही ते ओळखणे. सिएटलच्या बाळांना टीव्हीसमोर जे मिळाले नाही, ते हेच होते.

दोन-तीन महिन्यांनी मुलांनी स्वतःची डिजिटल गोष्ट करावी. अमेरिकेत नव्वदच्या दशकात जो लॅम्बर्ट आणि साथीदारांनी सामान्य माणसांना आपल्याच आवाजात, आपल्याच छायाचित्रांवर काही मिनिटांची गोष्ट करायला शिकवले. तेव्हा त्याला संगणक आणि कार्यशाळा लागत होती, आज मोबाइल पुरतो. विषय शोधायला जायला नको. शेजारच्या तालुक्यात लोणारचे विवर आहे. उल्केच्या आघाताने काळ्या बसाल्ट खडकात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून त्याचे कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मुलांनी सहा चित्रे काढावीत आणि प्रत्येक चित्राला इंग्रजीत एक वाक्य बोलावे: दगड आकाशातून आला, मोठा खड्डा पडला, पाणी साचले, एका उन्हाळ्यात ते गुलाबी झाले, लोक घाबरले, शास्त्रज्ञ आले. सहा वाक्ये. ती नीट येईपर्यंत मुले दहा-दहा वेळा आवाज मुद्रित करतात आणि त्यातली एकही वेळ त्यांना ‘गृहपाठ’ वाटत नाही. पोळा, सोयाबीनची सोंगणी, आजीची शेळी हेही चालते.

आरोग्याची बाजू थोडक्यात, पण टाळू नये अशी. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे. वर्गात एका मोठ्या पडद्यावर लांबून पाहणे हे हातातल्या मोबाइलपेक्षा केव्हाही बरे. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीतल्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्तीची बाहेर काढले, तेव्हा तीन वर्षांत लघुदृष्टीचे प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिले, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले आहे. गोष्ट संपली की मुलांना मैदानात सोडावे. झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद असावा. दिवसा ऐकलेले नवे शब्द स्मृतीत पक्के होण्याचे काम झोपेत चालते, आणि जागरणाने नेमके तेच बिघडते.

शेवटी कानाचेच एक राहिले. मागच्या बाकावरचे एखादे मूल गोष्ट चालू असताना खिडकीबाहेर पाहत असते, टीव्हीजवळ सरकते किंवा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून उत्तर देते. त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून गप्प करण्याआधी त्याचा कान वाहतो का, सर्दीने वारंवार बंद होतो का, हे विचारावे. इंग्रजीतले ‘एस’, ‘एफ’, ‘टीएच’ हे ध्वनी हलके आणि उच्च कंपनांचे असतात. थोडेसे ऐकू कमी आले तरी सर्वांत आधी तेच गळतात. मग अनेकवचनाचा ‘एस’ त्याला पुस्तकात दिसतो, पण गोष्टीत ऐकू येत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांत मुलांची तपासणी होते, त्यात ऐकण्याचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाचे नाव शिक्षकांनी आपणहून सांगावे, आणि तोवर त्याला स्पीकरच्या शेजारी, पुढच्या रांगेत बसवावे.